अरबी समुद्र हिरवा होतोय की ओस पडतोय? दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचूया



पेट किंवा नेट-सेट झालं, की पुढची भीती मुलाखतीची असते. तिथे हमखास विचारलं जातं, "तुमच्या विषयातला एखादा शोधनिबंध सांगा आणि त्यातलं काय पटलं नाही ते सांगा." पहिला अर्धा भाग सगळ्यांना येतो. दुसऱ्या अर्ध्याला आपण गडबडतो, कारण छापून आलेल्या पेपरवर बोट ठेवायची आपल्याला सवय नसते. टीका म्हणजे चुका काढणं, असं आपण धरून चालतो. खरं तर टीका म्हणजे हे बघणं, की लेखकाने जे मोजलं आणि लेखकाने जे म्हटलं, त्या दोघांत अंतर किती आहे.

आज याचा सराव एका खऱ्या वादावर करू. समुद्र एकच, आपला अरबी समुद्र. २००५ मध्ये एका गटाने लिहिलं की हवामानबदलामुळे तो अधिक सुपीक होतोय. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने लिहिलं की त्याची सुपीकता घटतेय आणि पुढे तो जैविक वाळवंट होऊ शकतो. दोन्ही निबंध नावाजलेल्या नियतकालिकांत आले, दोन्हींमागे कसलेले शास्त्रज्ञ आहेत. आणि दोन्हींचा शेवटचा रोख मासळीकडे आहे, म्हणजे कोकणातल्या लाखो लोकांच्या पोटाकडे.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोघांपैकी २०१६ चा निबंध जास्त भक्कम आहे. पण समुद्रापासून मासळीपर्यंत उडी मारताना दोघांचीही जमीन सुटते. आणि वर्तमानपत्रात आपल्यापर्यंत पोहोचते ती नेमकी ती उडीच.

आधी समुद्र समजून घेऊ

आमच्याकडे कन्हेरीला, म्हणजे बारामती तालुक्यात, समुद्र नाही. विहिरी आहेत. एप्रिल-मेमध्ये विहिरीत पोहलेल्या कुणालाही हे माहीत आहे: वरचं हातभर पाणी कोमट असतं आणि पाय खाली सोडले की गार लागतं. कोमट पाणी हलकं, गार पाणी जड. दोन्ही आपापल्या जागी राहतात आणि सहजी मिसळत नाहीत. यालाच स्तरीकरण म्हणतात. वरचं पाणी जितकं जास्त तापेल तितके हे थर एकमेकांपासून तुटतात.

समुद्रातही हेच होतं, पण तिथे एक अडचण आहे. नायट्रेट, फॉस्फेट हे समुद्राचं खत खालच्या गार पाण्यात साठलेलं असतं आणि ऊन मात्र वर असतं. फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, यांना दोन्ही लागतं. खत वर आलं तरच पीक येतं.

अरबी समुद्रात हे खत वर आणायचं काम वारा करतो. पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर, प्रचंड वेगाने वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. हिवाळ्यात उत्तरेकडे दुसरी युक्ती चालते. ईशान्येकडचे कोरडे, थंड वारे वरचं पाणी गार करतात, ते जड होऊन खाली बसतं, आणि या घुसळणीत खत वर येतं.

म्हणजे दोन बल एकमेकांविरुद्ध उभी आहेत. वारा वाढला तर समुद्र हिरवा होतो. पृष्ठभाग तापला तर थर तुटतात आणि पीक कमी होतं. हवामानबदलात दोन्ही होऊ शकतं. सगळा वाद यातलं कोण जिंकतंय याचा आहे.

२००५: बर्फ कमी, समुद्र हिरवा

पहिला निबंध 'सायन्स'मध्ये एप्रिल २००५ मध्ये आला. लेखक होते जोआकिम गोएस, प्रसाद थोप्पिल, हेल्गा दो रोझारिओ गोमेस आणि जॉन फसुलो. गोएस आणि गोमेस यांचं गोव्याशी जुनं नातं आहे, त्या वेळी ते अमेरिकेत मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत काम करत होते. निबंध जेमतेम तीन पानांचा आहे.

त्यांचा युक्तिवाद ऐकायला सुंदर आहे. युरेशियात आणि हिमालयाच्या बाजूला बर्फाचं आच्छादन कमी झालं. बर्फ कमी म्हणून जमीन जास्त तापली. जमीन आणि समुद्र यांच्यातला दाबाचा फरक वाढला, म्हणून पावसाळी वारे जोरात आले. वारे जोरात म्हणून खालचं पाणी जास्त वर आलं. उपग्रहाने पश्चिम अरबी समुद्रातलं हरितद्रव्य मोजलं तर उन्हाळी हंगामात सोमालियाच्या किनाऱ्याजवळ ३५० टक्क्यांहून जास्त वाढ दिसली. साखळीतली प्रत्येक कडी समजण्यासारखी आहे.

निबंधाच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ असा होतो, की युरेशियाच्या भूभागाचं तापणं अरबी समुद्राला अधिक उत्पादक बनवत आहे. 'बनवत असावं' असं नाही, 'बनवत आहे'. शीर्षकातलं क्रियापद बघायची सवय लावून घ्या. बऱ्याचदा निबंधाच्या आत 'शक्य आहे', 'असू शकतं' अशी सावध भाषा असते आणि शीर्षकात ती गळून पडते.

सात वर्षांचा कल

आता बघा, हे सगळं किती वर्षांच्या आकडेवारीवर उभं आहे? समुद्राचा रंग मोजणारं सीविफ्स हे उपग्रहावरचं उपकरण ऑगस्ट १९९७ मध्ये सोडलं गेलं. निबंधातली आकडेवारी २००४ पर्यंतची आहे. म्हणजे साधारण सात पावसाळे.

सात वर्षांत काय होऊ शकतं, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. बारामतीचा पाऊस घ्या. २०१५ आणि २०१८ दुष्काळाची वर्षं. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला असा पूर आला की बारामतीत नदीकाठच्या लोकांना हलवावं लागलं. पुढची वर्षंही पावसाने बरी गेली. मग २०२३ मध्ये पुन्हा दुष्काळ, आणि ऑक्टोबरअखेर सरकारने जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही. आता कुणी २०१५ ते २०२२ अशी रेघ मारली तर पाऊस वाढतोय असं दिसेल. कुणी २०१९ ते २०२३ रेघ मारली तर घटतोय असं दिसेल. दोन्ही रेघा खऱ्या आकड्यांवर मारलेल्या असतील, आणि दोन्हींवरून विहीर खणायची की नाही हे ठरवणारा माणूस बुडेल.

सुरुवातीचं वर्ष कोणतं, याला तर फारच महत्त्व असतं. सीविफ्सच्या नोंदीतला पहिला पूर्ण पावसाळा १९९८ चा. १९९७-९८ हा गेल्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक. त्याच काळात हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू विलक्षण तापली होती, आणि १९९८ मध्ये मालदीव, लक्षद्वीप भागातली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. म्हणजे मोजणीची सुरुवातच एका जगावेगळ्या वर्षापासून झाली. पहिला बिंदू खाली असेल तर पुढची वर्षं नेहमीसारखी असली तरी रेघ वर जाते, आणि टक्केवारी तर आणखीच फुगते, कारण भागाकार त्या लहान आकड्याने होतो.

हा आक्षेप नंतर इतरांनीही घेतला. २००७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रकाश आणि रमेश यांनी शीर्षकातच विचारलं, अरबी समुद्र खरंच अधिक उत्पादक होतोय का? २०१२ मध्ये दुसऱ्या एका निबंधाने पुढची वर्षं जोडून प्रश्न उलटा केला: कल घटीचा तर नाही? पुढची वर्षं घेतली की आधीची चढती रेघ टिकत नाही, हा त्याचा गाभा. आणि २०१० मध्ये स्टेफनी हेन्सन आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण गणित मांडलं: उपग्रहाच्या हरितद्रव्य नोंदीतून हवामानबदलाचा कल नैसर्गिक चढउतारांपासून वेगळा काढायचा असेल, तर सुमारे ४० वर्षांची नोंद लागते.

४० वर्षं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे परत लागणार आहे.

२०१६: पुण्यातून आलेलं उत्तर

दुसरा निबंध 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स'मधला. मुख्य लेखक रॉक्सी मॅथ्यू कोल, पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले. सहलेखकांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रसन्न कुमार, रघू मुर्तुगुडे, फ्रान्सच्या मारिना लेव्ही अशी अनुभवी मंडळी आहेत.

याची पायाभरणी त्यांनी २०१४ मध्येच केली होती. तेव्हाच्या निबंधात दाखवलं होतं, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी पृष्ठतापमान सुमारे १.२ अंश सेल्सियसने वाढलं, आणि उष्ण कटिबंधातल्या इतर कुठल्याही सागरी भागापेक्षा हा वेग जास्त आहे. २०१६ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: एवढं तापल्यावर प्लवकांचं काय झालं? उत्तर: गेल्या सहा दशकांत या भागात २० टक्क्यांपर्यंत घट. कारण: थर तुटले, खत वर येईना.

जमेच्या बाजू आधी बघू, कारण चांगलं काम ओळखता येणं हाही टीकेचाच भाग आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी विरोधी मत लपवलेलं नाही. आधीच्या अभ्यासांनी याच भागात वाढ सांगितली होती, हे सारांशातच स्पष्ट म्हटलंय. दुसरी, पुरावा एका ठिकाणचा नाही. उपग्रहाची १६ वर्षं, १९९८ ते २०१३, आणि शिवाय पृथ्वीप्रणालीची संगणकीय प्रारूपं. तिसरी, नुसतं 'हे घटलं, ते तापलं' असा जोडा लावून ते थांबत नाहीत. मधली यंत्रणा, म्हणजे स्तरीकरण, वेगळी तपासून दाखवतात. तापमान आणि हरितद्रव्य यांचा सहसंबंध कुणीही काढेल. मधला दुवा मोजणं हे खरं काम. तुमच्या स्वतःच्या संशोधन आराखड्यात हा दुवा कुठे आहे, हे आत्ताच तपासा.

मग पटत नाही ते काय?

'२० टक्के' हा आकडा कुठून आला, इथून सुरू करू. समुद्राचा रंग मोजणारा पहिला उपग्रह-उपकरणाचा काळ १९७८ ते १९८६. मग जवळजवळ अकरा वर्षांचं भगदाड. मग १९९७ पासून सलग नोंद. म्हणजे सहा दशकांचं उपग्रह निरीक्षण अस्तित्वातच नाही. साठ वर्षांची गोष्ट प्रारूपं सांगताहेत, उपग्रह त्यातल्या शेवटच्या तुकड्याला दुजोरा देतोय. प्रारूप वापरणं गैर नाही, दुसरा इलाजही नाही. पण 'साठ वर्षांत २० टक्के घट झाली' आणि 'प्रारूपांनुसार साठ वर्षांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली असावी' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. निबंधाच्या आत हा फरक दिसतो, सारांशात तो पुसट होतो, बातमीत तो संपतो. '२० टक्क्यांपर्यंत' मधलं 'पर्यंत' तर बातमीच्या मथळ्याला कधीच परवडत नाही.

प्रारूपांची दुसरी अडचण जाळीची. त्या पिढीतल्या बहुतेक प्रारूपांत समुद्राची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची होती. खालचं पाणी वर येतं तो सोमालियाचा पट्टा काही ठिकाणी त्याहून अरुंद आहे. शंभर किलोमीटर भोकांच्या जाळ्यात तो पट्टा नीट अडकणार कसा? म्हणजे वारा वाढल्याने होणारी वाढ, जी २००५ च्या गटाचा मुख्य मुद्दा होती, ती प्रारूपात मुळातच कमी दिसण्याची शक्यता आहे. दोन बलांची कुस्ती लावायची आणि एका पैलवानाचा हात आधीच बांधायचा, असं इथे नकळत होऊ शकतं.

तिसरी अडचण ढगांची. या समुद्रात सर्वांत मोठं पीक पावसाळ्यात येतं. पावसाळ्यातच आकाश ढगांनी भरलेलं असतं आणि रंग मोजणारा उपग्रह ढगांतून बघू शकत नाही. म्हणजे परीक्षा ज्या दिवशी, त्याच दिवशी पर्यवेक्षक आंधळा. हा दोष दोन्ही निबंधांना लागू आहे.

आणि ४० वर्षांचा निकष आठवा. सात वर्षं त्यात बसत नाहीत, तशी सोळाही बसत नाहीत. २०१६ च्या गटाला प्रारूपांचा आधार आहे म्हणून त्यांची बाजू वरचढ आहे. पण नुसत्या उपग्रहाच्या भागावर त्यांनाही तोच प्रश्न विचारला पाहिजे जो आपण २००५ ला विचारला. आवडत्या निष्कर्षाला सूट नाही.

राहिला 'वाळवंट' हा शब्द. भविष्यातल्या तापमानवाढीचे अंदाज सांगताना हा भाग जैविक वाळवंटाकडे ढकलला जाईल असं ते लिहितात. २० टक्के घट गंभीरच आहे. पण ८० टक्के पीक उभं असलेल्या शेताला आपण वाळवंट म्हणत नाही. हा शब्द मोजमापातून आलेला नाही, काळजीतून आलाय. काळजी रास्त आहे. तरी तो शब्द निष्कर्षाच्या ओळीत बसला की मोजमापासारखा दिसायला लागतो.

हिरवं म्हणजे मासळी नव्हे

इथे मला माझ्या कामाचा थोडा उपयोग होतो. मी उजनीच्या फुगवट्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर काम करते. पाणी गाळायचं, गाळणीवरचा हिरवा थर अॅसिटोनमध्ये विरघळवायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हरितद्रव्य मोजायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हरितद्रव्याचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची थोडी कल्पना आहे.

हरितद्रव्य म्हणजे वनस्पतीचं वजन नव्हे. ऊन कमी मिळालं की तीच पेशी जास्त हरितद्रव्य बनवते, भरपूर ऊन असेल तर कमी. म्हणजे आकडा बदलला तरी पीक तेवढंच असू शकतं. दुसरं, हरितद्रव्य कुणाचं आहे हे त्या आकड्यात नसतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, आणि उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. हरितद्रव्य मोजलं तर उजनी अतिशय 'उत्पादक' ठरेल. पण ते हिरवेपण बरंचसं नील-हरित शैवालाचं, जे बहुतेक माशांच्या फारसं कामाचं नाही. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग दिसतात, आणि पूर्वी मिळणाऱ्या स्थानिक जाती कमी झाल्या हे कुणीही सांगेल. हिरवेपणाने उजनी श्रीमंत झाली असं कुणी म्हणणार नाही.

अरबी समुद्रातही असंच काहीसं घडतंय, आणि ते दाखवणारे परत गोएस-गोमेसच आहेत. २०१४ मध्ये त्यांनी लिहिलं, की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम नावाच्या वनस्पतींचं पीक यायचं, आता तिथे नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव थैमान घालतो. कोकणात आणि मुंबईत रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ येतात तेव्हा बऱ्याचदा याच जीवाचं नाव घेतलं जातं. त्याच्या पोटात हिरवी शैवालं राहतात, त्यामुळे उपग्रहाला तो हिरवाच दिसतो. पण त्याला खाणारे कमी: साल्प, जेलीफिश असले जीव. त्यामुळे अन्नाची वाट माशांकडे न जाता भलतीकडे वळते.

हे का घडतंय, यावर वाद आहेच. २०१४ मध्ये या गटाने पाण्यातल्या कमी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. २०१८ मध्ये हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य अरबी समुद्रातल्या अशा बहरांचा कमी ऑक्सिजनशी संबंध दिसत नाही असं मांडलं. २०२० मध्ये गोएस यांच्या गटाने हिमालय-तिबेटच्या बर्फाकडे परत मोर्चा वळवला: बर्फ कमी, म्हणून हिवाळी वारे कमी गार, म्हणून घुसळण कमी, म्हणून खत कमी, म्हणून नॉक्टिलुकाची चलती.

लक्षात आलं? २००५ मध्ये बर्फ घटला म्हणून समुद्र सुपीक होतोय असं सांगणाऱ्यांनीच २०२० मध्ये बर्फ घटला म्हणून अन्नसाखळी बिघडतेय असं सांगितलं. काही जण यावर हसतात. मला हसण्यासारखं काही दिसत नाही. पहिला युक्तिवाद पावसाळ्याचा होता, दुसरा हिवाळ्याचा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. आणि पंधरा वर्षं त्याच पाण्याकडे बघत राहून नवं दिसलं तसं नवं लिहिणं, हे संशोधकाचं भूषणच आहे. 'वाढलं की घटलं' हा प्रश्नच अपुरा होता. कुठे, कुठल्या ऋतूत आणि कुणाचं, हे त्यांनी पुढे विचारलं.

प्लवकापासून बोंबलापर्यंत

आता सर्वांत नाजूक उडी. प्लवक घटले, म्हणून मासळी घटली.

तत्त्व म्हणून यात चूक नाही. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साधारण दहावा हिस्सा वर पोहोचतो. खाली कमी झालं तर वर कमी होणारच. पण किती, कुठे आणि केव्हा, हे तत्त्व सांगत नाही.

अंतर बघा. ज्या पट्ट्याबद्दल दोन्ही निबंध बोलतात तो सोमालियाकडचा. मुंबईपासून तिथलं अंतर अडीच हजार किलोमीटरहून जास्त. आपला बोंबील, जवळा, करंदी हे किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यातले जीव. तिथलं पीक घटलं म्हणून इथल्या डोल जाळ्यात बोंबील कमी आला, असं थेट म्हणता येत नाही. मध्ये बरेच दुवे मोजावे लागतील. टुनासारखा दूर फिरणारा मासा असेल तर गोष्ट वेगळी.

टुनाचा उल्लेख २०१६ च्या निबंधात आहे. हिंदी महासागरात टुना पकडण्याचा दर पाच दशकांत ५० ते ९० टक्क्यांनी घटला, असे आधीच्या अभ्यासांतले आकडे ते देतात. पण लगेच सांगतात, की याचं मोठं कारण औद्योगिक मासेमारी आहे आणि प्लवकांची घट ही त्यात भर घालणारा ताण असू शकते. किती सावध वाक्य आहे! बातम्यांत त्याचं झालं, 'समुद्र तापला, टुना घटला.' औद्योगिक मासेमारी वाक्यातून गायब.

शिवाय 'पकडण्याचा दर' म्हणजे माशांची संख्या नव्हे. तो जाळं, गळ, जागा, हंगाम यांवर ठरतो. याचं आपल्याकडचं उदाहरण २०१९ चं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षी हा आकडा २.९५ लाख टन होता. एका वर्षात समुद्रातली एक तृतीयांश मासळी मेली का? त्या वर्षी ऐन हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात आली आणि बोटी बंदरात उभ्या राहिल्या. बोट गेलीच नाही तर मासळी उतरणार कुठून? म्हणून उतरलेल्या मासळीचा आकडा कधीही एकटा वाचू नका. किती बोटी, किती दिवस, किती तास, हे भाजक शेजारी पाहिजेत.

तरीही चक्रीवादळं हा हवामानबदलाचाच एक पैलू आहे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण मग तो परिणाम प्लवकांमार्फत आलेला नाही, समुद्रात जाता न येण्यामार्फत आलेला आहे. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. म्हणून यंत्रणा महत्त्वाची.

हे एवढं ताणून का बघायचं?

कारण निष्कर्षाच्या वाक्यावर माणसांची भांडणं ठरतात. २०१६ चा निबंध आला त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. रापण, डोल, छोटी जाळी लावणारे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत होते, की मोठ्या जाळ्यांनी समुद्र खरवडला जातोय.

आता 'मासळी घटली ती समुद्र तापला म्हणून' हे वाक्य पुरेसा विचार न करता लिहिलं, तर त्याचा फायदा कुणाला? ज्याला जाळ्यांवर नियम नको आहेत त्याला. तो म्हणेल, दोष हवामानाचा, आम्हाला कशाला अडवता? उलट 'सगळा दोष मोठ्या जाळ्यांचा' असं लिहिलं तर तापणारा समुद्र, वाढलेली वादळं, बुडालेले दिवस हे भरपाईच्या हिशेबात येतच नाहीत, आणि तेही त्याच छोट्या मच्छीमाराच्या मुळावर येतं. दोन्ही कारणं एकत्र काम करतात हे जवळजवळ नक्की आहे. कुठल्या जातीत, कुठल्या किनाऱ्यावर, कुणाचा वाटा किती, हे मोजणं बाकी आहे. संशोधनाला जागा हवी असेल तर ती इथे आहे.

तुमच्या मुलाखतीसाठी

पुढचा शोधनिबंध हातात घ्याल तेव्हा सारांशाच्या आधी आकडेवारीचा परिच्छेद काढा. कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, आणि पहिलं वर्ष कसं होतं, ते बघा. काय मोजलं आणि कशाच्या नावाने मांडलं, ते बघा: हरितद्रव्य मोजून 'प्लवक' म्हटलंय का, उतरलेली मासळी मोजून 'साठा' म्हटलंय का. कुठला आकडा निरीक्षणाचा, कुठला प्रारूपाचा, हे पेन्सिलने खुणा करून वेगळं करा. शेवटच्या परिच्छेदात असा एखादा शब्द शोधा जो निकालांच्या भागात एकदाही आलेला नाही. आमच्या उदाहरणात तो 'वाळवंट' होता.

आणि मुलाखतीत 'काय पटलं नाही' विचारलं, तर निबंध फेटाळू नका. अमुक इतकं सिद्ध झालंय, अमुक इतकं शक्य आहे, आणि हे तपासायला अमुक आकडे लागतील, असं तीन वाक्यांत सांगा. २०१६ च्या निबंधाबद्दल माझी तीन वाक्यं अशी असतील: पश्चिम हिंदी महासागर वेगाने तापला हे पक्कं. त्यामुळे थर तुटून प्लवक घटले असण्याची शक्यता मोठी, पण २० टक्के हा आकडा प्रारूपांवर टेकलेला. त्याचा आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीवर किती परिणाम झाला हे सांगायचं तर इथलं हरितद्रव्य, इथल्या प्लवकांच्या जाती आणि जाळ्यांचे तास, तिन्ही एकाच ठिकाणी आणि एकाच काळात मोजावे लागतील.

१९९७ मध्ये सुरू झालेली सलग नोंद २०३७ मध्ये ४० वर्षांची होईल. आज तयारी करणाऱ्यांपैकी कुणीतरी तोपर्यंत ती रेघ नव्याने मारेल. ती मारताना पहिल्या वर्षाकडे नीट बघा.